शुक्रावरची मुकी राणी

पुणे, ६ जून १९७४

ती. स्व. राजाबाई आत्यास बसवराजचा सा. नमस्कार, वि. वि.

सोबत आमच्या मुलांच्या मासिकाचा अंक बुकपोस्टाने पाठवतो. त्यातली रॉकेटची क्रमशः चित्रकथा मी काढतो. शुक्रावरच्या राणीचा चेहरा ओळखलास का? तुझ्या मूकपटातल्या फोटोवरून घेतला. तुझा मान राखावा म्हणून शुक्रावरचे सगळे लोक मुके दाखवले. राणी नुसत्या डोळ्यांनी राज्य करते. कशी वाटली ते कळव. तब्येतीला जप.

तुझा भाचा,
बसवराज

सोलापूर, १४ जून

चि. बसवराजास आत्याचे लई आशीर्वाद.

अंक पावला. नाक माझंच हाय, मुकुट जरा जड झालाय. पर मुडद्या, मुकी कशापायी केलीस मला? मूकपट मुका हुता, आमी न्हवतो! कॅमेरा फिरताना सगळे कालवा करायचे. एकदा हिरोनं माझ्या पायावर पाय दिला, तर मी रडत रडत त्याला शिव्या मोजल्या. पडद्यावर बघून बाया डोळे पुसायच्या, विरहाचं रडतीया म्हणून.

मग बोलपट आला. कंपनीच्या मालकानं आवाजाची चाचणी घेतली. मी एक वाक्य बोलले आन सगळी खोली हसली. ही राणी की भाकरीवाली, असं कोण तरी म्हणलं. दुसऱ्या दिवशी हातात सोलापूरचं तिकीट. चाळीस वर्सं झाली, अजून ते हसू कानात हाय. आता तूबी माझं तोंड बंद केलंस व्हय? मला बोलू दे की रं.

पोटभर जेवत जा.
तुझी आत्या

पुणे, २ जुलै

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

चुकलो. संपादकांना सांगून राणीला बोलतं केलं, तोंडापुढे बोलण्याचे फुगेही काढले. पण ते म्हणतात, राणीने पुस्तकी मराठीच बोलावे, नाहीतर पालकांच्या तक्रारी येतील. गोष्टीत आता पृथ्वीवरचे लोक रॉकेटमधून उतरून शुक्र आमचा म्हणतात. राणी त्यांना काय उत्तर देईल? ते शुद्ध भाषेत छापू का?

बसवराज

सोलापूर, ९ जुलै

चि. बसवराजास आशीर्वाद.

शुद्ध बोलली तर ती मी न्हवं. मग माझं तोंडबी काढ तितनं, दुसरीचं चिकटव. आन राणी बोलणार आसंल तर आसं बोलंल: पावण्यांनो, आलाय तर बसा, पाणी प्या. पर आमच्या घरात येऊन मालकी सांगू नगा. लई झालं तर रॉकेटसकट उचलून फेकीन.

रागात लिहिलंय, पर माया कमी न्हाय.
आत्या

पुणे, २५ जुलै

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

आत्याचं बोलणं बदलायचं असेल तर माझी चित्रंही परत द्या, असं संपादकांना सांगितलं. त्यांनी तुझं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. वाचलं. ऐकून त्यांनी हातातली लाल पेन्सिल खाली ठेवली आणि आहे तसं छापा म्हणाले. अंक निघाला की लगेच पाठवतो.

बसवराज

सोलापूर, १२ ऑगस्ट

चि. बसवराजास आशीर्वाद.

अंक आला. दार सताड उघडं टाकून मोठ्यानं वाचला. शेजारची कमलम्मा पदर खोचून धावत आली, कुणाशी भांडतीस म्हणून. मी म्हणलं, पृथ्वीवाल्यांशी. ती हसली न्हाय रं. खाली बसली आन म्हणली, आक्का, परत म्हण की.

हितं मायेत काय कमी न्हाय, तितंबी कमी पडू देऊ नगंस.

तुझी आत्या,
राजाबाई