पट्ट्याचा दावेदार, वजन अठ्ठ्याण्णव किलो

डीमन, रविवार, ४ ऑक्टोबर

ती. स्व. दामूमामांना,

चंद्रहासचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यावर बर्फाची पिशवी असल्यामुळे तूर्त खुर्चीत बसूनच घातलेला, आठांपैकी जेवढी अंगं चालू आहेत तेवढी आपली समजावीत.) मामींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता त्यांना तुमच्या सदऱ्यावरचे डाग माजघरातूनच दिसतात, हे आईकडून कळलं. त्यांचं अभिनंदन, तुमचं सांत्वन. तुमची कंबर काय म्हणते? इथे सगळे खुशाल आहेत. विशाखा खुशाल आहे, माझ्याशी बोलत नाही. स्वानंदी खुशाल आहे, कालपासून बोलायला लागली आहे. हे पत्र हातानं लिहून त्याचे फोटो मामींच्या फोनवर पाठवतोय. तुम्ही फोनवर वाचणार नाही हे ठाऊक आहे, तेव्हा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्यावं.

मामा, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. ज्या डच देशात कांदा तोलताना एक ग्रॅम इकडचा तिकडे होत नाही, त्या देशात माझ्या नावावर बारा किलो वजन राजरोस चढवण्यात आलं आहे. आमच्या घरासमोरच्या ट्रॅमच्या थांब्यावर गेल्या सोमवारपासून एक रंगीत पोस्टर आहे. डावीकडे जपानहून आलेली विजेती नाओए हागिवारा, कमरेला सोनेरी पट्टा, नजरेत अंगार. उजवीकडे मी. फोटो ऑफिसच्या ओळखपत्रावरचा, त्यामुळे नजरेत सोमवार सकाळ. खाली ठळक अक्षरांत: टिलबर्ग, शनिवार १७ ऑक्टोबर, पट्ट्याचा दावेदार, भारत, ९८ किलो. मी श्याऐंशी किलो आहे. जेवल्यावर सत्त्याऐंशी. मी आयोजकाला रीतसर निषेधाचं पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं, की जड दावेदार असला की तिकिटं जास्त खपतात, आणि १७ तारखेपर्यंत अजून वेळ आहे, प्रयत्न करा.

तुम्ही विचाराल, बँकेचे संगणक सांभाळणारा, त्रेपन्न वर्षांचा, रक्तदाबाची अर्धी गोळी घेणारा हा माणूस कुस्तीच्या पोस्टरवर कसा? त्यासाठी आधी जपानी बायकांची कुस्ती समजून घ्यावी लागेल. (मामी, तुम्ही वाचून दाखवत असाल तर इथे मामांना पाणी द्या, ते ‘नुरा’ हा शब्द उच्चारणार आहेत.) होय मामा, नुरा. निकाल आधी ठरलेला असतो. कोण जिंकणार हे दोघींना माहीत असतं आणि तरीही त्या एकमेकींना अशा आपटतात, की आपल्या मैदानातले दोन पैलवान अर्धा अर्धा तास नुसती मनगटं धरून उभे राहायचे ते आठवून मला संकोच वाटतो. (हे वाक्य मामींनी गाळावं.)

पण खरी गंमत कुस्तीच्या आधी असते: आता पट्ट्यासाठी पुढे कोण? विजेती जिंकली की माईक घेऊन उभी राहते आणि पडद्याआडून कुणीतरी येऊन म्हणते, आता मी. उन्हाळ्यात महिनाभर साखळी सामने चालतात. त्यात जी पहिली येते तिला वर्षअखेरच्या मोठ्या मैदानात आव्हान द्यायचा हक्क. बरं, हक्क मिळाला म्हणजे सुटलो असंही नाही. मधल्या काळात दुसरी कुणी येऊन ‘तो हक्क माझा’ म्हणाली तर त्या हक्कासाठीच वेगळी कुस्ती होते. (आमच्या पालिकेत भेटीची वेळ कधी मागायची हे विचारायलाही वेळ घ्यावी लागते, तशातला प्रकार.) स्वानंदी आणि मी गेली चार वर्षं रविवारी सकाळी, म्हणजे टोकियोच्या संध्याकाळी, चहा घेत हे पाहतो आणि फ्रिजवर यादी लावतो: पहिल्या क्रमांकाची दावेदार, दुसऱ्या क्रमांकाची, आणि तळाशी ‘लक्ष ठेवा’ या मथळ्याखाली अशा नव्या मुली, ज्यांची नेमणूक सध्या हरण्यासाठीच झाली आहे. खरा जीव आम्ही त्या तळाच्या नावांत गुंतवतो. एखादी दीड वर्ष दर आठवड्याला हरते, आणि एका रविवारी तिच्या पडण्यात काहीतरी बदलतं. अजून हरतेच, पण लोक तिचं नाव घेऊन ओरडायला लागतात. स्वानंदी तेव्हा खुर्चीवर उभी राहते. एरवी ही पोरगी मराठी प्रश्नाला डच उत्तर देते, पण कुस्तीवर मराठीत भांडते, कारण ‘उताणी पाडली’ याला तिच्या मते त्या भाषेत तोड नाही.

स्वानंदी युट्रेख्टला मानसशास्त्र शिकते आणि शनिवारी अभ्यासगटाला जाते. गेल्या वर्षी आमच्या वॉशिंग मशीनमध्ये गुडघ्यांना बांधायच्या दोन जाड गाद्या सापडल्या तेव्हा मला कळलं, की हा अभ्यासगट म्हणजे जुन्या गोदामातली कुस्तीशाळा आहे आणि तिचा वस्ताद योप नावाचा साडेसहा फुटी डच गृहस्थ आहे. विशाखाला हे योग्य वेळी सांगायचं असं बापलेकींत ठरलं. योग्य वेळ वर्षभर काही आमच्या पत्त्यावर आली नाही.

सप्टेंबरात हागिवाराबाई युरोपच्या दौऱ्यावर आल्या. युट्रेख्टच्या एका हॉलमध्ये त्यांची कुस्ती होती. स्वानंदीनं मला पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः शाळेच्या इतर पोरींबरोबर काळा टी-शर्ट घालून रिंगणाला टेकून उभी राहिली. बाई जिंकल्या. मग त्यांनी माईक घेतला नाही, पडद्याकडेही पाहिलं नाही. खाली उतरल्या आणि उजवा हात पुढे करून रिंगणाभोवती चालायला लागल्या. सावकाश, एकेका चेहऱ्याकडे बघत. हॉलमध्ये तीनशे माणसं, आणि सगळ्यांच्या माना त्या हाताबरोबर फिरत होत्या.

आता मामा, याला जबाबदार तुम्ही आहात. कोल्हापुरात ज्याला जोड मिळाली नाही तो पैलवान असाच हात पुढे करून मैदानाला फेरी मारायचा. ज्यानं हात दिला त्याच्याशी त्याची जोड ठरली, आणि तुम्ही पंच म्हणून दोघांना खालीवर बघून मान डोलवायचा. मी आठ वर्षांचा असताना, फेटा बांधलेले तुम्ही माझ्याकडे वाकून म्हणाला होता, “पुढं आलेला हात रिकामा जाऊ द्यायचा न्हाई. त्यो त्येचा अपमान न्हाई, आपला हाय.” पंचेचाळीस वर्षं हे वाक्य माझ्यात कुठे झोपून होतं, देव जाणे. बाईंचा हात माझ्यासमोर आला, माझ्या शेजारच्या दोघा डच मुलांनी नजर खाली घातली, आणि मी उठून हात दिला.

हॉल कोसळला. बाई क्षणभर गोंधळल्या (हे फक्त मला जवळून दिसलं), पण कसलेल्या असल्यामुळे त्यांनी मला दोरांमधून वर ओढलं, पट्टा उंच केला आणि वाकून नमस्कार केला. माझ्यासमोर माईक आला. मी “नमस्कार” म्हणालो. लोकांना ती धमकी वाटली असावी, कारण आणखी ओरडले. मग मी खाली पाहिलं. माझ्या खुर्चीपासून दोन पावलांवर स्वानंदी उभी होती आणि तिचा उजवा हात अजून पुढेच होता.

ते सगळं तिच्यासाठी ठरलेलं होतं. दोन वर्षं हरण्याच्या कामावर असलेल्या माझ्या पोरीला योपनं पहिल्यांदा दावेदार नेमलं होतं. टिलबर्गला ती बाईंशी खेळणार होती. बाईंची कंपनी या दौऱ्यात युरोपातली एक मुलगी निवडून तीन महिन्यांसाठी टोकियोच्या तालमीत नेणार आहे, आणि कुणाला न्यायचं हे टिलबर्गच्या रिंगणात बाई स्वतः बघणार होत्या. मला तिनं सांगितलं नाही, कारण बाबाचा चेहरा तिला तिथेच बघायचा होता. तो तिनं बघितला.

परतीच्या गाडीत ती मुद्दाम शांततेच्या डब्यात बसली. इथल्या गाड्यांत असा एक डबा असतो, तिथे बोलायला मनाई. आमच्या भांडणाची सोय डच रेल्वेनं आधीच करून ठेवली होती. डीमनला उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्हाला नुसतं बसायचं होतं. फक्त बसायचं. सगळे लोक बसले होते!” आणि सायकलवरून पुढे गेली. मी चालत.

दुसऱ्या दिवशी मी योपला गाठून म्हटलं, झाली चूक, नाव बदल. तो हळहळला, पण ऐकेना. निकाल आम्ही ठरवतो, म्हणाला, पण तीनशे माणसांनी डोळ्यांनी जे पाहिलं ते आता आमच्या हातात नाही. (नुरावाल्यांकडे सत्याविषयी इतका कडक नियम असेल असं वाटलं नव्हतं.) मग पोस्टर लागलं, आणि महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरून सात मिनिटांत विशाखापर्यंत पोचलं. तिनं वर्षभराचा अभ्यासगट, वॉशिंग मशीन आणि फ्रिजवरची यादी यांची बेरीज केली आणि उत्तर काढलं, की चंद्रहासला उतारवयात पोरकटपणाचा झटका आला असून त्यानं पोरीलाही नादी लावलं आहे. “तूच नेलंस ना तिला तिथं?” असं तिनं विचारलं तेव्हा स्वानंदी समोरच होती. ती फ्रिजवरची यादी वाचायला लागली. मी तिच्याकडे पाहिलं, मग विशाखाकडे, आणि “हो” म्हणालो.

तेव्हापासून मी योपच्या गोदामात पडायला शिकतो आहे. मामा, तुम्ही लोकांनी आयुष्यभर न पडण्याचं शिक्षण दिलंत. इथे पहिला धडाच पडण्याचा. पाठ सपाट, हात फाकलेले, श्वास बाहेर. पहिल्या दिवशी मी गुडघ्यावर पडलो, दुसऱ्या दिवशी योपवर. काल तिसऱ्यांदा चुकीचा पडलो तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, “हनुवटी छातीला लावा हो, बाबा! डोकं आपटेल!” आठ दिवसांनी पहिलं मराठी वाक्य. मग तिनं स्वतः मला अकरा वेळा पाडलं. एकदाही लागलं नाही. इतक्या जोरात उचलून इतक्या जपून खाली ठेवता येतं, हे मला माहीत नव्हतं. मी उताणा पडून छताकडे बघत होतो आणि मनात विचार आला, आपली पोरगी फार चांगली आहे हो या कामात. बाप म्हणून नाही म्हणत. पडणारा म्हणून म्हणतो.

तरी या अवघड प्रसंगी तुमच्या अनुभवातला एखादा सोपा, कमी वाकावं लागेल असा डाव उलट टपाली कळवावा, ही विनंती. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
चंद्रहास

ता. क. – डाव कळवू नये. मी बाईंशी खेळणार नाही. दावेदाराकडून त्याचा हक्क मागता येतो हा नियम वर लिहिलाच आहे. त्याप्रमाणे काल स्वानंदीनं योपसमोर माझा हक्क मागितला आणि मी होकार दिला. आता टिलबर्गला पहिली कुस्ती बापलेकीची, आणि जिंकणारी त्याच संध्याकाळी पट्ट्यासाठी हागिवाराबाईंसमोर. निकाल ठरलेला आहे. मी चौथ्या मिनिटाला चितपट होतो. त्यानंतरचं मात्र तिचं तिलाच करायचं आहे. टोकियोला कोण जाणार हे कुणीच ठरवलेलं नाही.

ता. ता. क. – खरं काम हे. विशाखा पोरीला रिंगणात उतरू द्यायला तयार नाही. माझ्या शब्दाला सध्या घरात वजन नाही (पोस्टरवर आहे). पण लग्नात तुम्ही तिला “सूनबाई, ह्यो आमचा भाचा जरा हलका हाय, सांभाळून घ्या” म्हणाला होता. तेव्हापासून तुमच्या पारखीवर तिचा फार विश्वास आहे. सोबत स्वानंदीच्या सरावाचा सहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवतोय. नुरा म्हणून हिणवायच्या आधी एकदा तिचे पाय बघा. आणि पटलं तर विशाखाला फोन करून एवढंच सांगा, की जोड बरोबर लागली आहे. पटलं नाही तर फोन करू नका, मी समजून घेईन. पण मला वाटतं, तुम्ही कराल.

आणखी एक. दहावीच्या सराव परीक्षेच्या आठवड्यात मी मैदानात सापडलो, तेव्हा ‘मामानं नेलं’ असं आईला सांगितलं होतं. तुम्ही माझ्या शेजारी उभे होता आणि काही बोलला नाहीत. आई दर भाऊबीजेला ओवाळण्याआधी त्यावरून तुम्हाला चार शब्द ऐकवते, त्याला यंदा अडतीस वर्षं होतील. आज सकाळी पुण्याला फोन करून तिला सांगितलं, की मी एकटाच गेलो होतो.