चकाकलेली चाकं

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

माझी लेक रुसून तुझ्याकडे आलीय. कारण ती सांगायची नाही (हट्टीपणा आपल्याच घराण्यातला, मी कोणाचं नाव घेत नाही), म्हणून मीच कळवतो. तिच्या कॉलेजच्या संघानं स्पर्धेसाठी रोबोट केला होता. प्रकार कुस्तीचाच, समोरच्याला ढकलत रेघेबाहेर काढायचं. मी आपला सल्ला दिला, मोटर दांडगी घे. तर म्हणाली, मोटर कितीही दांडगी असली तरी चाकानं जमीन धरली नाही तर ते जागच्या जागी गरगरतं. म्हणून तिनं वजन नेमकं चाकांवर येईल असं मांडलं (भरल्या सिलिंडरपेक्षा जड झालं ते धूड) आणि चाकांना माझ्याच चपलांच्या दुकानातले मऊ रबरी तळवे चिकटवले. वीस वर्षं मी ते ‘घसरलात तर पैसे परत’ म्हणून विकतोय, तेव्हा माझी छाती फुगलीच.

शिट्टी झाली. आमची चाकं अशी भन्नाट फिरली की मी टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं, चाकं पुढे फिरतायत आणि रोबोट मागे चाललाय. दारातली चप्पल पायानं सरकवावी तसं समोरच्या खोक्यानं आम्हाला बाहेर काढलं. लेक एवढंच म्हणाली, “माझं गणितच चुकलं.” संघातून नाव काढायचा अर्ज कॉलेजच्या सरांना दिला, आकडेमोडीची वही रद्दीत टाकली आणि तुझ्या गावची बस धरली. मी फरशीला दोष दिला, आयोजकांना दिला, शेवटी शिट्टीलाही दिला. ऐकेना. आता आत्या म्हणून तूच समजाव, की चूक कोणाचीही होते, आणि ती कोणाची हे उकरत बसू नये.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. उकरलंच तर तुला म्हणून सांगतो. स्पर्धेच्या सकाळी ती अंघोळीला गेली होती. चाकं अगदीच मळकी दिसत होती गं. आपल्या दुकानातून एकही जोड चकाकल्याशिवाय बाहेर पडलेला नाही. बुटांना चमक आणायचा स्प्रे मारला. चारही चाकांना, दोन-दोन हात.

ता. क. २. तिला सांगायला मला तोंड नाही, हे पत्रच तिच्या हाती दे. वही रद्दीतून काढून सोबत पाठवतोय. सर शनिवारपर्यंत अर्ज पुढे धाडणार नाहीत. गणित मला कळत नाही. पण काल चाकं साबणानं धुतली, रिमोट घेऊन दुकानातल्या खुर्चीत बसलो आणि रोबोट खुर्चीवरच घातला. त्यानं मला खुर्चीसकट भिंतीला नेऊन लावलं. माझं वजन तिला ठाऊक आहे. म्हणावं, आकडेमोड करून बघ.