उजव्या चाकातलं तेल

दुसरीतनं मला काढलं ते तुम्ही, हे आधी लिहिते. खुशाली मागनं, जमली तर. आप्पा, तुमचे कान गेले होते आन् ते मालकांना कळू द्यायचं नव्हतं. तेरच्या वकिलांची मोटार हाकणारा डायव्हर बहिरा निघाला, तर दुसऱ्या दिवशी घरी. म्हणून तुम्ही सांगितलंत, चढावर चाकामागं धोंडा लावायला पोरगी लागते, आन् मला शेजारी बसवलंत. धोंडा नावाला. खरं काम ब्रेक ऐकायचं. कुईकुई वाजलं की तुमच्या गुडघ्याला एक बोट, खरखरलं की दोन. एक बोट म्हणजे धूळ, पुसून भागतं. दोन म्हणजे ब्रेकची पट्टी, लायनर, झिजून तिच्या रिबिटी लोखंडाला लागल्या, मोटार तिथंच थांबवायची. "आन् ब्रेक दाबल्यावर मोटार एकीकडंच वढली तर?" मी विचारते. तुम्ही माझ्या ओठांकडं बघता आन् म्हणता, "ते तू सांगायला नको. हाताला कळतं."

त्या साली पुढचं उजवं चाक लई कुईकुई करायचं. तुम्ही चारदा खोलून धूळ पुसलीत, पुन्हा तेच. माझ्या बरोबरीच्या पोरी तिसरीत गेल्या होत्या आन् मी मोटारीचं रडगाणं ऐकत बसले होते. बैलगाडीचा आस कुरकुरला की वंगण घालतात, एवढी माझी अक्कल. आईची करडईच्या तेलाची बुधली उचलली आन् चाकाच्या फटीतनं निम्मी ओतली. सकाळी गावात एक फेरी मारली, आवाज बंद.

"गप झालं चाक," मी म्हणाले. "आता मला शाळेत जाऊ द्या."

"जा. वकिलीणबाईवानी चष्मा लावूनच ये," म्हणालात, आन् एकटेच मालकांना घेऊन गेलात.

तेरणा नदीच्या उतारावर मोटार डावीकडं वढत नाल्यात गेली. तुम्हाला खरचटलं, मालकांचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी बैलं जुंपून मोटार आणली. मालक बाजेवर बसून बघत होते, मी पाटी घेऊन दारात. तुम्ही उजवं चाक खोललंत. लायनर तेलानं चिंब, त्या चाकाचा ब्रेक धरलाच नव्हता. तुम्ही बोट लावलं, नाकाशी नेलं, धोतराला पुसलं. माझ्याकडं बघितलं न्हाय.

"आतलं सील फुटून वंगण गळलंय, मालक."

"अरे, रोज हाकतोस. काही वाजलं न्हाई?"

"वाजलं असंल. मला ऐकू येत न्हाय. दोन वर्षं झाली."

कानांचं कुणी विचारलं नव्हतं. पुढं जन्मभर दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकलीत. मला मात्र पुन्हा दुसरीत बसवलंत. चौथीपर्यंत शिकले, त्याच अक्षरांत हे लिहितेय.

तेल मी ओतलं. बुधलीचं आईनं विचारलं तवा मांजरावर ढकललं. आता नातवाच्या गाडीत बसते, तो बडबडतो आन् माझे कान ब्रेककडं. मोटारीच्या वंगणाचा वास जळका, करडईचा आपल्या चुलीपाशी रोजचा. कान गेले होते तुमचे, नाक न्हाय. त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं का, एवढंच सांगा. तुम्ही दोघं कवाच वर गेलात, हा कागद पोस्टात टाकायचा न्हाय, पेटीत लुगड्याखाली ठेवते. उत्तर आईला द्यायला लावू नका. ती म्हणंल लेकरू होतं, सोडा. तुम्हीच द्या.