बांबू, पोतं आणि आप्पा

४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस आणि माझी बोबडी वळते, म्हणून कागद घेतला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घे.

आई गेल्यापासून आप्पा एक शब्द बोललेले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात, ताट निम्मं परत येतं. महिनाअखेरपर्यंत असंच राहिलं तर सगळं सोडून ये म्हणालीस. येतो. मधेच काम सोडणाऱ्याला इथे परत घेत नाहीत, पण आप्पांपुढे लाँड्री काय चीज आहे! त्याआधी एक करून बघ. हसू नकोस.

आम्ही हॉटेलांच्या चादरी धुतो. पाळी संपली की खोलीतला इस्त्रीवाला मोबाइल बादलीला टेकवून एक मालिका लावतो. दोन दोस्त खटारा गाडीतून जग फिरतात. उंच आहे त्याला मी बांबू म्हणतो, दुसरा पोतं. खाली अक्षरं येतात, पण मी एक ओळ वाचेपर्यंत दोघं पुढच्या देशात पोचलेले असतात! भांडण मात्र नुसतं बघून कळतं. नकाशा कोणी उलटा धरला, मोजे कोणाचे वास मारतात, यावरून जीव खाऊन भांडतात. हसून हसून पोट दुखतं.

परवा ते बर्फाच्या कड्यापाशी पोचले. बर्फ एवढा की आभाळ कुठे सुरू होतं कळेना. त्यातला डोंगराएवढा तुकडा सुटून पाण्यात पडला. मग पोतं हळूच सरकलं आणि वारा येत होता त्या बाजूला बांबूला आडोसा करून उभं राहिलं. ताई, बर्फ बघून आला तेवढाच काटा ते सरकणं बघून आला. लगेच पुन्हा जुंपली म्हणा!

त्या मालिकेत कोणी कोणाची समजूत काढत नाही. आप्पांची समजूत काढायला अख्खं गाव येऊन गेलं, काय झालं? हे दाखव त्यांना. आणि क्लीनरकाकांना बोलाव. अख्खा जन्म आप्पांच्या ट्रकवर काढला त्यांनी, आणि आता म्हणे दारातूनच परत जातात.

लोभ असू दे, आणि फोन आला की आधी नाक शिंकरून घे.

तुझा
भिंगरी


२० ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आधी रागच आला. घरात हे काय, आणि भाऊराय मालिका सुचवतात! पण बुडत्याला काडीचा आधार. काकांना हाताला धरून आत आणलं, लाकडी खुर्चीत बसवलं. खालची अक्षरं मी मोठ्याने वाचायचे, बांबूचं घोगऱ्या आवाजात, पोत्याचं नाकात. पहिले काही दिवस आप्पांची पाठच होती. मग कधीतरी ते कुशीवर वळले.

काल त्या दोघांची गाडी डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर अडकली. पोतं गाडी मागे घेत होतं, बांबू खाली उतरून हात हलवत होता, तोही आरशात दिसणार नाही अशा बाजूला. मागे दरी. आप्पा ताडकन उठून बसले, ब्रेक दाबावा तसा उजवा पाय जमिनीवर रोवला. तेवढ्यात काकांचा तळवा खुर्चीवर धाडकन पडला, ट्रक मागे घेताना 'थांब' म्हणून फळीवर पडायचा तसा.

आप्पा त्यांच्याकडे वळून म्हणाले, मुडद्या, थाप उशिरा पडली, गेलो असतो ना खाली! काका म्हणाले, थाप वेळेवर होती, तुझा पाय म्हातारा झालाय. तो खरखरीत, गंजलेला आवाज आपल्या घरात!

मग आप्पांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आठवतं ना, ट्रक अंगणात मागे येताना काकांची थाप ऐकली की आई चहाचं आधण ठेवायची. दारात कोणी नव्हतं. आप्पा म्हणाले, तिने ऐकली असती. एवढंच बोलले. काकांनी डोळे पुसले, आप्पांनी पुसलेही नाहीत. मी आत जाऊन आधण ठेवलं.

आज पुन्हा गप्प आहेत. तुला ये म्हणू की नको, कळत नाही.

आशीर्वादात मी काटकसर करत नाही, तू पत्रांत करू नकोस.

तुझी ताई


२८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र चादरींच्या ढिगावर बसून वाचलं. इस्त्रीवाल्याला हातवाऱ्यांनी सगळं सांगितलं, आमची भाषा एक नाही. दुपारी मी कपड्यांची ढकलगाडी लिफ्टमधून मागे घेत होतो, तर त्याने गाडीच्या कडेवर थाप मारली. एवढी यंत्रं गडगडत होती, तरी ती थाप आपल्या अंगणात पडल्यासारखी वाटली. मी जागच्या जागी थांबलो.

एक ऐक. काकांची थाप पडली की तू आधण ठेवायला उठू नकोस. जीव गेला तरी बसून राहा. माझं सामान बांधलेलं आहे. तू म्हणशील तेव्हा निघतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

भिंगरी


६ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काल पुन्हा थाप पडली, आणि मी बसून राहिले. आप्पांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मोबाइलवरची नजर हलवली नाही. बऱ्याच वेळाने काकांना शिव्या घालत ते उठले, भिंत धरत आत गेले. डबे आपटले. साखर कुठे ठेवता म्हणून ओरडले. आईने ठेवली होती तिथेच आहे, एवढंच मी म्हटलं. त्यांना सापडली.

चहा भयंकर होता. काका म्हणाले, यापेक्षा रेडिएटरचं पाणी गोड लागतं, आणि कप पुढे करून आणखी मागितला.

बांधलेलं सामान सोड.

तुझी ताई