बर्फाचे कण कडक असतात

५ जून
आधी घरची विचारपूस. मुलगा कसा आहे? कामात. सूनबाई? जरा करवादलेली. ठकी, म्हणजे माझी नववीतली नात? अंगाने ठणठणीत, विज्ञानात अशक्त. मी? गुडघा सोडला तर तरुण.
सूनबाई म्हणाली, सहामाहीत विज्ञान गेलं तर संध्याकाळचा क्लास लावणार. संध्याकाळी तर ठकी माझ्याजवळ बसते. मी म्हटलं, क्लास कशाला? उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात गेला माझा. उद्यापासून मीच शिकवतो. विषय संपला.

६ जून, संध्याकाळ
अणू-रेणू एका बैठकीत उरकले. बर्फाचे कण गोट्यांसारखे कडक. वितळले की ओल्या मातीसारखे मऊ. वाफ झाली की फुग्यासारखे फुगतात. तिन्ही टेबलावर मांडून दाखवलं. ठकी म्हणाली, बाई सांगतात कण तेच राहतात, फक्त लांब जातात आणि जास्त पळतात. मी विचारलं, बाईंनी कधी बर्फाची लादी खांद्यावर घेतलीय का? ती हसली. पटलं तिला.

२० जुलै
पुस्तकातही बाईंसारखंच छापलंय. हल्ली पुस्तकं घाईत छापतात. सावकाश वाचायचं ठरवलं. राहिलं. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक.

१ ऑक्टोबर
पेपर झाला. ठकीने सगळं माझ्या पद्धतीने लिहिलं म्हणे. तपासून आला की आधी मला दाखव, असं सकाळी निघतानाच बजावलं होतं. जेवण होताच झोपायला गेली. परीक्षेचा शीण.

१८ ऑक्टोबर
विज्ञान गेलं. सूनबाई शाळेत जाऊन आली. बाई म्हणाल्या, वर्गात विचारलं की पोर चटाचट बरोबर सांगते, कागदावरच उलटं का लिहिलं कळेना. मुलाने खोदून विचारलं तेव्हा ठकी म्हणाली, आजोबा पेपर वाचणार होते ना, त्यांना वाईट वाटलं असतं. सूनबाई सांगत होती मला, बघत होती खिडकीबाहेर. मी म्हटलं, पोरं घाबरली की काहीही सबब सांगतात. चहा तसाच ठेवून उठलो.

२ नोव्हेंबर
क्लास सुरू. बरंच झालं, मलाही विश्रांती हवीच होती. ठकी परत येते ती पेंगतच. आज तिच्या दप्तरात चिठ्ठी ठेवली. तब्येत जप, असं लिहिलं. कण फुगत नाहीत हे मला मान्य. का फुगत नाहीत ते आता तू शिकव. रविवारी दुपारी मला वेळ आहे. तसा रोजच आहे. बोलायला जमलं नाही तर दोन ओळी लिही, पण लवकर लिही.