मस्कतमार्गे आलेला बल्ब

२४ ऑगस्ट २०२५

बल्ब सापडला. कोल्हापुरात नाही — व्हिएन्नात!

आबांचा प्रोजेक्टर माळ्यावरून काढल्यापासून किती दुकानं पालथी घातली. शाहूपुरीतला एक जण जळका बल्ब उलटसुलट बघून म्हणाला, "ताई, ह्यो आता कुठंबी मिळत न्हाय. मशीन शोकेसमध्ये ठिवा की." दोन दिवस त्याच्यावर रागावून होते. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

मग ते ॲप. त्याला ना ऑफिस, ना मालक. हवी ती वस्तू आपण लिहायची. जगात कुठूनतरी कुठंतरी निघालेला माणूस म्हणतो, आणतो मी. पैसे मधल्यामध्ये कुलपात राहतात, वस्तू हातात पडली की आपण सोडायचे. वाद झालाच तर ॲपवरचीच चार माणसं निवाडा करतात.

लीना नावाच्या बाईनं कळवलंय — तिच्या गल्लीत एका म्हाताऱ्याच्या दुकानात असला बल्ब आहे. एकच. ती पुढच्या महिन्यात मस्कतला निघालीय. मस्कतच्या पुढं कसं? बघू.

२५ ऑगस्ट

आत्तीला सांगितलं. "कोण कुठली बाई, तिला तुझी काय पडलीया?" खरंच, काय पडलीय?

३० ऑगस्ट

रीळ एकच आहे. डबीवर आबांच्या अक्षरात एक शब्द — शालन. त्यांची बायको, माझी आई. मला कळायला लागायच्या आत गेली. मग आबांच्या बहिणीनं, या बयाबाई आत्तीनंच मला वाढवलं. घरात आईचा फोटो एकच, लग्नातला, पाटावर बसलेली. ती चालायची कशी, हसताना मान कुठं न्यायची, मला माहीत नाही. अडतिशीला आले तरी माझी आई आपली बसलेलीच आहे.

शिरोलीच्या फौंड्रीत मशीन बसवायला आलेला जर्मन साहेब जाताना आपला कॅमेरा आणि प्रोजेक्टर आबांना देऊन गेला होता. आबा तिथं पॅटर्नमेकर, ओतकामाचे लाकडी नमुने करायचे. त्यांनी एकच रीळ काढलं. ते धुवायला जर्मनीला गेलं आणि परत येईपर्यंत आई नव्हती. आत्ती आबांना नावानंच हाक मारायची. म्हणते, "जोतीनं एकदाच बघितलं. मग दिवा गेला, आन् त्यानं मशीन वर टाकलं ते टाकलंच." काय दिसलं ते कुणाला सांगितलं नाही. आता आबाही नाहीत.

मला तिला चालताना बघायचंय. बाकी काही नको.

११ सप्टेंबर

लीना निघाली. फोटो पाठवलाय: बल्ब लोकरी मोज्यात, मोजा दुसऱ्या मोज्यात. ऑफिसात दिवसभर कास्टिंगचं ड्रॉइंग काढत होते आणि मनानं ढगांवर होते. खाली समुद्र, वर मी, आणि एका अनोळखी बाईच्या मोज्यात माझी आई झोपलेली. साहेबांनी दोनदा हाक मारली म्हणे. एक भोक चुकीच्या जागी काढलं.

१२ सप्टेंबर

स्वप्न पडलं. रंकाळ्याच्या काठानं एक बाई चालत होती. पाठमोरी.

१९ सप्टेंबर

मस्कतच्या पुढची सोय झाली. उजैर म्हणून आपल्या कागलचा एक जण आहे, तिथं हॉटेलात स्वैपाकी. दसऱ्याच्या सुमारास गावी येतोय. त्याचा आवाज फोनवर ऐकला आणि उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. "ताई, बॅग डोक्यावर घिऊन येतो, पर बल्ब फुटू देत न्हाय."

२९ सप्टेंबर

आला! उजैर स्वतः घरी घेऊन आला. चहा घेतला, भडंग खाल्लं. जाताना दारात थांबून म्हणाला, "काचंला बोट लावायचं न्हाय बरं का. हाताचं तेल लागलं की गरम झाल्यावर फुटतोय. त्या बाईनं मला सांगितलं, मी तुमास्नी सांगतोय." आत्ती तेव्हा खाली दूध आणायला गेली होती.

बल्ब मोज्यासकट देव्हाऱ्यात ठेवला. घरात तेवढी एकच जागा अशी आहे की जिथं कुणी धक्का लावत नाही. दसऱ्याच्या सुट्टीत लावू.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

हे काय झालं!

ऑफिसातली मशीनपूजा आटोपून घरी आले तर पाटावर विळी, कात्री, माझा लॅपटॉप, प्रोजेक्टर, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. आणि मधोमध बल्ब. मोज्यातून काढून, देवाच्या दिव्याचं तेल लागलेल्या हातानं, ओलं कुंकू काचेवर ठसठशीत.

"नवी वस्तू," आत्ती म्हणाली, "आन् खंडेनवमी. कुंकू न लावता कशी ठिवायची?"

मी ओरडले. नको ते बोलले. "तुला माझी आई दिसायलाच नकोय," असंही बोलले. आत्ती पदरानं बल्ब पुसायला लागली. मी तो हिसकावून घेतला.

२ ऑक्टोबर, दसरा

लीनाला कळवलं. कुंकू म्हणजे काय, हे उजैरनं तिला समजावलं. लगेच निरोप आला — स्पिरिटनं पुसा, पुन्हा पुन्हा पुसा, वाळू द्या. वाचेल कदाचित. उजैरची भर: "मी दुवा करतोय."

पुसला. काचेवर कुठंतरी गुलाबी झाक आहे असं वाटत राहतं.

आत्तीला सोनं दिलं, पाया पडले, पण वर बघितलं नाही.

३ ऑक्टोबर

बल्ब फुटला नाही.

भिंतीवर आमचं जुनं अंगण. पाटावर आबांच्या पटाशा, करवती, झेंडू. खंडेनवमीच ती! आतून आई आली, हातात ताट. चालताना डावा खांदा जरा पुढं, माझ्यासारखाच. हत्यारांना कुंकू लावलं, मान वर करून हसली आणि सरळ माझ्याकडं चालत आली. बोट ताटात बुडवलं. पुढं आणलं, आणखी पुढं, आणि सगळी भिंत लाल झाली. नव्या कॅमेऱ्याच्या काचेवरच कुंकू! पुढचं अख्खं रीळ तसंच लाल.

मला वाटलं, मलाच लावलं तिनं.

अंधारात आत्तीनं माझा हात धरला. "आता बोल की मला," म्हणाली.