सांबाराची जुडी

प्रेमाबाईंची खानावळ, अंधेरी, मुंबई
ता. १२ जानेवारी १९५७

बाईस, धाकट्या भावाचा, सहदेवचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. तुमची खुशाली कळायला वाट नाही, कारण पत्ता मीच कळवला नव्हता. पोळ्यानंतरचं हे पहिलं पत्र. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नको. तुला येतं तसं हळूहळू वाच. अक्षर माझंही चौथीतलंच आहे.

चार महिन्यांत दोन कामं सोडली. लोक ओळखीचे झाले की माझा पाय टिकत नाही. आता सिनेमाच्या स्टुडिओजवळ प्रेमाबाईंची खानावळ आहे, तिथे भाजी चिरतो, आमटी करतो. दोन वेळचं जेवण, झोपायला माळा. इथे मी नाशिकचा गुणाजी आहे.

जीभही बदलली. मले-तुले टाकलं, काहून टाकलं. अंघोळ करताना घोकायचो. तुला लिहितानाही आता तसंच येतंय, राग धरू नको.

परवा दुपारी मात्र फसलो. पंगत बसलेली, आमटी उतू चाललेली, दोन्ही हात भरलेले. मी मोरीकडे ओरडलो, "सांबार दे वं, लवकर."

तिथे ऑलिव्ह भांडी घासते, इथल्याच गावठाणातली. ती म्हणाली, "हे काय उडप्याचं हॉटेल आहे? सांबार कुठून आणू?" सगळे हसले. वर्तक मास्तर हसले नाहीत.

हे मास्तर पेन्शनीत आहेत, रोज दुपारी जेवायला येतात. पालेभाज्यांची नावं वहीत गोळा करतात, कशाला काय म्हणतात आणि ते कुठून आलं. त्यांनी मला बाकावर बसवलं.

"नाशिकला कोथिंबिरीला सांबार म्हणत नाहीत रे. तू वऱ्हाड-नागपूरकडचा."

ते खुशीत सांगत सुटले. कोथिंबीर म्हणे संस्कृतातल्या कुस्तुंबरीपासून निघाली. सांबार त्यांच्या मते संभारातून. संभार म्हणजे जमवलेलं सामान, मसाल्याचं. सगळ्या सामानाचं नाव आपल्याकडे एका पाल्याला चिकटलं. कानावर शब्द पडत होते, पण डोळ्यांपुढे तुझ्या विहिरीजवळचा वाफा दिसत होता.

मग त्यांनी गाव विचारलं. शब्दापुढे गाव लिहावं लागतं म्हणाले. मी हिवरा म्हणून गेलो.

आर्वीच्या शाळेत त्यांच्या ओळखीचे हेडमास्तर आहेत. त्यांना सोमवारी कार्ड टाकणार आहेत, इकडे हिवऱ्याचा एक तरुण भेटला, तुमच्याकडे खरंच असं म्हणतात का. मास्तर भला माणूस आहे. नको कसं सांगू? काहून नको, विचारलं तर?

ऑलिव्ह गमतीने म्हणाली, "असा चेहरा का पडला रे गुणाजी? कोणाला मारून आलायस काय?"

मी विळी आडवी केली.

काल ट्रंक भरली. परत रिकामी केली. पुढे कुठे गेलो तरी तिथेही खायचं-बोलायचं आहेच.

बाई, वर तुझ्या नावामागे सौ. लिहिलं नाही. विसरलो नाही. लिहावं की नाही, तेच मला ठाऊक नाही. पाकिटावरही नुसतं शेवंती, हिवरा असं लिहिणार आहे.

भाऊजींनी तुझ्यावर हात उगारला तेव्हा तुझ्या मुठीत सांबाराची जुडी होती. उशीर झाला एवढंच निमित्त. मी गाडीची उभारी उपसली आणि तो दांडा एकदाच मारला. ते ओट्यावरून खाली गेले, कानातून रक्त आलं, तू "मेले" म्हणालीस. जुडी तेव्हाही तुझ्या हातातच होती. मी कापसाच्या पऱ्हाटीतून पुलगाव स्टेशनापर्यंत धावलो. मागे पाहिलं नाही. तुझ्यासाठी मारलं, असं मी मनाला सांगतो. पण तू मला तसं सांगितलं नव्हतंस.

ते उठले का?

हे चार महिने कोणाला विचारलं नाही. पोलिसांची भीती आहेच, पण तुझ्या उत्तराची जास्त आहे.

गुणाजीच्या नावाने कोरं कार्ड पाठवलंस तरी चालेल. तुझ्या कपाळी कुंकू असेल तर त्यातलं बोटभर कोपऱ्याला लाव. नसेल तर काही लावू नको, मला कळेल. कोणाला पत्ता द्यायचा असेल तर दे. मास्तरांचं कार्ड आधी पोचलं तरी मी या वेळी जागा सोडणार नाही.

तुला बाई म्हणायचा हक्क उरला असेल तर
तुझा भाऊ,
सहदेव